दुसऱ्या बुधवारचे आठ जण

डेझ्मंड एकहर्स्ट हा माणूस आयुष्यभर सगळ्यांच्या मागे चालला. अगदी खरोखर. बहीण पुढे, तिच्यामागे दहा-बारा माणसं आणि त्यांच्याही मागे पन्नास पावलांवर हा, मेंढरांची फाटकं लावत. फाटक उघडं राहिलं की शेतकरी सात पिढ्यांचा उद्धार करतो, म्हणून आमच्याकडे टेकड्यांवरच्या प्रत्येक सहलीला असा एक शेपटीचा माणूस लागतोच. डेझ्मंडला ते काम इतकं मानवलं होतं, की पुढे कसल्या गप्पा चालल्यात याची त्याने कधी चौकशीही केली नाही. एक्केचाळीस वर्षं चुन्याच्या भट्टीवर काढली होती त्याने. तिथे तोंड उघडलं की चुना आत जायचा, त्यामुळे गप्प बसायची सवय लागली ती लागलीच.

बहीण विनी, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. का झाली नाहीत हे कॉर्सबरीच्या लोकांनी पुष्कळ दिवस चघळलं, मग तेही कंटाळले. विनी पोस्टाच्या खिडकीवर बसायची आणि तिकिटाच्या मागे जीभ लावायच्या आत माणसाची सगळी कुंडली काढून घ्यायची. निवृत्त झाल्यावर तिला बोलायला माणसं कमी पडायला लागली. तेव्हा तिने बसच्या सहली सुरू केल्या.

झालं असं, की जिल्ह्यात चालणाऱ्यांचा एक क्लब आहे. महिन्याला तीसेक सहली, सगळ्या कागदावर छापलेल्या. पण एकूणएक सहल कुठल्या तरी आडरानातल्या गाड्या लावायच्या जागेवरून निघायची. विनीने क्लबला सरळ विचारलं, "गाडी नाही त्याने टेकड्या बघूच नयेत, असं कुठे लिहिलंय?" असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग महिन्याचा दुसरा बुधवार विनीला मिळाला. म्हाताऱ्यांचा फुकट पास सकाळी साडेनऊच्या आत चालत नाही, म्हणून नऊ पस्तीसची सत्तेचाळीस नंबरची बस. ॲल्डरडीनला उतरायचं, चर्चच्या मागून खडूच्या दगडाची पांढरी वाट धरायची, वर मेंढ्यांच्या पाण्यासाठी खणलेल्या दवाच्या तळ्याशी डबे खायचे, मग धारेवरून समुद्र डोळ्यांत भरत टिथबरोला उतरायचं आणि तिथून दोन चाळीसची बस. बस सोळा सीटांची, खेळण्यातली शोभावी अशी. एकदा विनीची चौदा माणसं त्यात घुसली आणि ॲल्डरडीनची एक बाई बटाट्याची पिशवी घेऊन उभी राहिली. केवढा गहजब झाला! क्लबने माफी मागितली आणि नियम केला: बसच्या सहलीला आठच माणसं. म्होरक्या धरून नऊ.

विनी गेली ती मागच्या ऑक्टोबरात, सफरचंद सोलता सोलता. वाक्य अर्धंच राहिलं तिचं. डेझ्मंड शेजारच्या खुर्चीवर वाट बघत बसला होता, कारण विनी वाक्य अर्धं टाकणाऱ्यांतली नव्हती.

आठवड्याने क्लबच्या चिटणीस रोझलिंडबाईंचा फोन आला. त्या समुद्राकडच्या गावात राहायच्या, त्याची-त्यांची ओळख फोनवरचीच. "मग दुसरा बुधवार बंदच करायचा ना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. आणि डेझ्मंडने स्वतःचाच आवाज ऐकला: "नको. मी नेतो."

का म्हणाला? तर घरात तिच्या कपड्यांचं कपाट होतं, चष्मा होता, सगळं होतं. पण या वस्तूंमुळे दाराबाहेर पडावं लागत नव्हतं. दुसऱ्या बुधवारी पडावं लागत होतं. तोही गेला असता तर या माणसाला महिन्याभरात दाढी करायचं एकही कारण उरलं नसतं. ही गोष्ट त्याला पक्की कळत होती आणि तिची त्याला भीती वाटत होती.

नोव्हेंबरात तो थांब्यावर उभा राहिला. कुणी आलं नाही. विनीच्या जुन्या मंडळींपैकी दोघं वारली होती, एक मुलीकडे कॅनडाला गेली होती, दोघींचे गुडघे गेले होते, आणि बाकीची विनीसाठी यायची, टेकड्यांसाठी नाही. बस आली. ड्रायव्हर क्लाइव्हने दार उघडून पाहिलं.

"काय सेनापती, फौज कुठाय?"

"येईल पुढच्या वेळी," डेझ्मंड म्हणाला आणि एकटाच चढला. सहल ठरली की म्होरक्याने ती चालायचीच, कुणी वाटेत येऊन मिळालं तर? एकटा चालला, एकट्याने डबा खाल्ला. फाटकं लावताना सवयीने पुढे बघायचा, आणि पुढे नुसती वाट.

डिसेंबरातही तेच. आता क्लबचा दुसरा नियम ऐका. प्रत्येक सहलीनंतर म्होरक्याने एक पोस्टकार्ड पाठवायचं: तारीख, वाट, माणसं किती. लागोपाठ तीन वेळा तिनाहून कमी भरली की सहल यादीतून बाद. नोव्हेंबरच्या कार्डावर त्याने शून्य लिहिलं होतं, डिसेंबरच्याही. जानेवारीत पाऊस आणि वारा असा की मेंढ्यासुद्धा कुंपणाला चिकटून उभ्या होत्या. कोण येणार मरायला? घरी येऊन ओले बूट शेगडीशी ठेवून तो कार्ड घेऊन बसला आणि माणसं किती, यापुढे त्याने लिहिलं: चार.

खोटं बोलायला तोंड लागतं असं आपण समजतो. मुक्या माणसालाही जमतं ते, पेन मिळालं तर.

दोन दिवसांनी फोन वाजला. ख्रिसमसनंतर त्या घरात वाजलेला तो पहिला फोन. "डेझ्मंड! चार जण? त्या हवेत? अहो, कमाल केलीत तुम्ही!" रोझलिंडबाई अशा खूश, की त्यांनी दहा मिनिटं फोन सोडला नाही. त्याच्या छातीची विचारपूस केली. त्यांच्या मांजरीबद्दल सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "विनीला किती बरं वाटलं असतं." फोन ठेवल्यावर तो बराच वेळ फोनजवळच्या छोट्या स्टुलावर बसून होता. त्याला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. त्यातलं बरं वाटणं जरा जास्तच होतं, हे त्याला नाकारता येईना.

मग काय, फेब्रुवारीत पाच. मार्चमध्ये सात. प्रत्येक कार्डामागे एक फोन यायचा. एप्रिलमध्ये त्याने आठ लिहिले आणि रोझलिंडबाई म्हणाल्या, "सगळ्या जागा भरल्या! जुनी मंडळी परत आली वाटतं?" तो म्हणाला, "हो, तीच ती माणसं." त्यानंतर आठच. कमी केले तर विचारतील ना, कोण गळलं म्हणून.

उन्हाळा आला. टेकड्यांवर बुटकी जांभळी फुलं, वर चंडोलांचा कालवा, आणि डेझ्मंड आपल्या आठ जणांना घेऊन एकटाच चालत होता. क्लाइव्हचं फौजेचं विचारणं बंद झालं होतं. आता तो नुसता पास बघायचा आणि "आज वारा आहे हं वर" एवढंच म्हणायचा. हे त्या थट्टेपेक्षा वाईट होतं.

जूनपासून डेझ्मंडला एक निळा कोट दिसायला लागला. साडेबाराला तो तळ्याशी डबा उघडायचा, आणि तिथून खाली बघितलं तर चर्चच्या मागच्या फाटकाशी निळा ठिपका. कुणी बाई होती. नंतरच्या बसने येत असणार, कारण त्याच्या बसमध्ये ती नसायची. जुलैत दिसली, ऑगस्टात दिसली. तीच वाट, तोच बुधवार. एकदा त्याच्या मनात आलं, थांबावं का? मग स्वतःलाच त्याने झापलं. एकट्या बाईमाणसाला एकटं चालायचं असेल, तर आपण वाटेत भुतासारखं उभं राहायचं? आमच्याकडे माणसाला एकटं सोडणं ही सभ्यतेची पहिली पायरी. या सभ्यतेने किती जणांचा जीव घेतलाय, त्याची कुणी गणती ठेवत नाही. डेझ्मंडने डबा आवरला आणि पाय उचलला.

या ऑक्टोबरात मात्र टेकडीनेच त्याला थांबवलं. रात्रभर पाऊस झाला होता. ओला खडू म्हणजे साबण, हे चुन्याच्या भट्टीवर जन्म काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण तळ्याच्या पलीकडच्या उतारावर त्याचा पाय सटकला, घोटा कडकन वळला आणि सत्त्याहत्तर वर्षांचा डेझ्मंड चिखलात बसकण मारून मोकळा झाला. उठायला गेला तर डोळ्यांपुढे काजवे. सरपटत तळ्याच्या कडेला आला आणि बसून राहिला. खाली फाटकाशी निळा ठिपका दिसला. तो ठिपका वर यायला लागला, आणि घोट्याच्या दुखण्यापेक्षा त्याला त्याचीच धडकी भरली. दोनदा उठायचा प्रयत्न केला. जमेना. दोन तास तो त्या बाईला मोठं मोठं होताना बघत राहिला.

अडीचला ती आली. सत्तरीची, ठेंगणी, गाल लालबुंद झालेले.

"अगंबाई! पडलात?"

"काही नाही. जरा मुरगळलाय."

"जरा म्हणे! टरबूज झालंय त्याचं." ती खाली बसलीसुद्धा. गळ्यातला मफलर काढला आणि न विचारता त्याच्या घोट्याला आवळून बांधला. "मी मिसेस पेलिंग. थेल्मा. शाळेच्या स्वयंपाकघरात होते तीस वर्षं, पोरांचे रोज दोन तरी पाय बांधायचे असत. हलू नका हो, तुम्ही पोरांच्या वरताण आहात!"

"एकहर्स्ट," तो म्हणाला.

तिचा हात थांबला. "एकहर्स्ट? म्हणजे बुधवारचे? सहलीचे?" तिचा चेहरा उजळला आणि लगेच तिने इकडेतिकडे पाहिलं. "मग बाकीचे कुठायत?"

या प्रश्नाला एक खरं उत्तर होतं. साधं, चार शब्दांचं. डेझ्मंडच्या ओठांवर ते आलंही असेल. पण ती बाई त्याच्याकडे अशा आदराने बघत होती, की त्याच्या तोंडून निघालं, "पुढे गेले. दोन चाळीसची बस गाठायला."

"तुम्हाला असं टाकून?"

"मीच म्हटलं, व्हा पुढे."

"म्हटलं म्हणून काय झालं!" ती कडाडली. मग तिने थर्मास उघडला, झाकणात चहा ओतून त्याच्या हातात दिला, वर सुक्या मेव्याच्या केकचा जाड तुकडा. आणि शेजारी बसून ती बोलायला लागली. नवरा गेल्या फेब्रुवारीत गेला. गाडी त्याचीच, तिला चालवता येत नाही. क्लबच्या कागदावर बसची सहल बघून एप्रिलमध्ये रोझलिंडबाईंना फोन केला, तर म्हणाल्या, आठही जागा भरल्यात, तुमचं नाव यादीत घालून ठेवते. दर महिन्याला फोन केला. दर महिन्याला भरलेली.

"मग म्हटलं, रस्ता काय कुणाच्या बापाचा आहे? पण तुमच्याच बसने आले असते तर दिसायला कसं दिसलं असतं? लोचटासारखं. म्हणून मागच्या बसने यायचे, दोन तास सोडून. तुमची सगळी जिथून गेली तिथून जायचं, तुम्ही जिथे बसता तिथे बसून खायचं." ती हसली. "वेड्यासारखं वाटेल तुम्हाला, पण तेवढीच सोबत वाटायची. पुढे आठ-नऊ माणसं चाललीयत, काही झालं तर हाक पोचेल, असं. चिखलात मात्र एकाच बुटांचे ठसे असतात. मी म्हणायचे, मंडळी शहाणी आहेत, कडेच्या गवतावरून चालतात."

डेझ्मंडने चहाचं झाकण गवतावर ठेवलं. जूनपासून. पाच महिने ही बाई त्याच्यामागे दोन तासांवर एकटी चालत होती, आणि तो तिच्यापुढे एकटा चालत होता. मधे होते ते त्याने पेनाने काढलेले आठ जण. त्याला रडू फुटेल असं वाटलं. अशा वेळी आमच्याकडचा पुरुष काय करतो? हवेकडे बघतो. डेझ्मंडने हवेकडे बघितलं.

"चला," ती उठली. "माझ्या खांद्यावर हात टाका. हळूहळू उतरू. चार चाळीसची मिळेल."

इथे हो म्हणायचं होतं. पण बसथांब्यापर्यंत दीड-दोन तास ही बाई बोलणार, विचारणार. कोण कोण आहेत हो तुमच्यात? नावं काय त्यांची? आणि बसमध्ये कुणी तरी म्हणणार, हे नेहमी एकटेच असतात की.

"नको, नको. आमच्यातले दोघं येतायत," तो घाईने म्हणाला. "पलीकडच्या फार्मवरून. गाडी घेऊन. मला न्यायला."

"खात्री आहे?"

"अगदी."

ती घुटमळली. त्याच्याकडे बघितलं, फार्मच्या बाजूला बघितलं. "मी थांबते ना तोवर."

"त्यांना बरं नाही वाटणार," डेझ्मंड म्हणाला. का म्हणाला, देव जाणे. पण त्या शब्दांनी तिचा चेहरा मिटला, पुस्तक मिटावं तसा.

"हो, बरोबर आहे. तुमची तुमची मंडळी. मी कशाला मधे मधे?" तिने थर्मास पिशवीत घातला. "मफलर राहू दे. कधी तरी रोझलिंडबाईंकडे पोचता करा." आणि ती धारेवरून निघाली. निळा कोट लहान होत गेला. डेझ्मंडला हाक मारायची होती. सत्त्याहत्तर वर्षांत त्याने पुढे चाललेल्या माणसाला कधी हाक मारली नव्हती, ती आज कुठून मारणार?

चार चाळीसची बस टिथबरोहून सुटली तेव्हा तो अजून टेकडीवरच होता. पाचाच्या सुमाराला फार्मवरची एक तरुण पोरगी मेंढ्या बघायला वर आली, तिने शिव्या घालत घालत त्याला आपल्या चाऱ्याच्या ट्रेलरमध्ये बसवलं आणि हमरस्त्याला आणून सोडलं. तिथली बस धरून तो घरी पोचला. दिवा लावला आणि तसाच, बुटांसकट, फोनजवळच्या स्टुलावर बसला. कार्ड समोरच होतं. त्याने ते पालथं घातलं.

सातला फोन वाजला.

"डेझ्मंड, पाय कसाय?" रोझलिंडबाईंचा आवाज.

"कुठला पाय?"

"अहो, मुरगळलेला! मिसेस पेलिंगचा फोन आला होता, तुम्ही घरी पोचलात की नाही विचारायला. गाडीने आणलं ना तुम्हाला नीट?"

"आणलं."

"तुमच्या लोकांवर इतक्या भडकल्यायत म्हणून सांगू! म्हणाल्या, आठ माणसं, आणि एकालाही म्हाताऱ्यापाशी थांबावंसं वाटलं नाही? असल्या लोकांत मला पाऊल टाकायचं नाही, माझं नाव यादीतून काढा. सात महिने थांबली होती बिचारी, पहिला नंबर होता तिचा. आणि खरं सांगू, डेझ्मंड? मलाही पटलं तिचं. कोण आहेत हे आठ जण? नावं द्या मला, मी घेते एकेकाला फैलावर."

डेझ्मंडने बुटाची नाडी सोडायला घेतली.

"देणार नाही तुम्ही, माहितीय. सगळं पोटात घालायची सवय. बरं, राहिले दहा."

"दहा काय?"

"यादीतले हो! मिसेस पेलिंग धरून अकरा होते. एप्रिलपासून. सगळे एकेकटे, कुणाकडे गाडी नाही. मी आपली प्रत्येकाला सांगते, एकहर्स्टची माणसं फार चिवट आहेत, जागा सोडत नाहीत. आता या प्रकारानंतर एखाद-दुसरा लाजून गळाला तर बघा. होतेय का जागा?"

डेझ्मंडने रिसीव्हर दुसऱ्या कानाला धरला. घोटा ठणकत होता, आणि त्यावर तो मफलर अजून तसाच घट्ट होता. अकरा. एकेकटी येऊन थांब्यावर उभी राहिली असती अशी अकरा माणसं तो मोजायचा प्रयत्न करत होता, आणि त्याला एकीचाच चेहरा माहीत होता.

"होतेय," तो म्हणाला.

"वा! किती?"

"आठ."

"आठ नाही हो, आठ तर एकूण. रिकाम्या किती?"

"आठच्या आठ, रोझलिंड." त्याने पालथं कार्ड सुलटं केलं. "आधी त्यांना फोन करा. मिसेस पेलिंगना. त्या लोकांवर रागावू नका म्हणावं. ते लोक नव्हतेच. एकदाही नव्हते. रागवायचं तर माझ्यावर रागवा म्हणावं."

पलीकडे यादीचा कागद उलटल्याचा आवाज आला. डेझ्मंडने फोन खाली ठेवला नाही.